सर्वांसाठीच्या गाण्या-वाजवण्याच्या गटात ताल न सांभाळणाऱ्याला गप्प बसवायचं का?

खर्ज

नमस्कार मंडळी. आमचा एक गाण्या-वाजवण्याचा गट आहे. वाचनालयाच्या सभागृहात आठवड्यातून एकदा जमतो. परीक्षा नाही, शुल्क नाही, "गळा कसा आहे" असं कुणी विचारत नाही. येणाऱ्यांत निवृत्त मंडळी आहेत. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलणं जवळजवळ गेलेल्या एक बाई आहेत, ऐकू यावं म्हणून कानात कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र बसवलेली एक शाळकरी मुलगी आहे, व्हीलचेअर वापरणारे एक गृहस्थ आहेत, आणि आमची भाषा आत्ता कुठे शिकू लागलेली दोन-तीन स्थलांतरित कुटुंबं. शिवाय विशीतला एक मुलगा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला). हा धागा त्याच्यासाठी काढलाय.

त्याला ढोल आवडतो. दारातून आत आला की नजर थेट ढोलावर. हाताला जोर चांगला आहे, पण लय त्याची स्वतःची. आम्ही धरलेल्या लयीत दोन-चार आवर्तनं (तालाचे फेरे) राहतो, मग हळूहळू वाढवत नेतो आणि गाणं संपलं तरी थांबत नाही. त्याची आई मागच्या रांगेत बसते. गाणं शेवटाकडे आलं की तिचे खांदे ताठ होतात, ओठ मिटले जातात. मी समोर उभी असते, मला ते दर वेळी दिसतं.

थोड्याच आठवड्यांत आमचा पहिला जाहीर कार्यक्रम आहे. गटातल्या काही जणांनी सुचवलं की त्या दिवशी त्याला आतले दाणे काढलेला खुळखुळा द्यावा. वाजवताना दिसेल, ऐकू काही येणार नाही, तोही खूश आणि गाणंही सुरक्षित. सुचवणारी माणसं वाईट मनाची नाहीत. त्यांतल्या एका आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर गायचंय, महिनोन् महिने ते एकच कडवं घोकतायत. ते बिघडू नये असं त्यांना वाटलं तर मी त्यांना काय म्हणणार? पण तो रिकामा खुळखुळा काही केल्या माझ्या मनातून जात नाहीये.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक अगदी हातातली: या मुलाला खरोखरचं वाद्य देऊन गाणं उभं कसं ठेवायचं? दुसरी जरा मोठी. संगीतामुळे माणसं जोडली जातात असं आपण सगळेच म्हणतो. पण खरंच काही बदलतं, की दीड तास छान वाटतं आणि दार ओलांडलं की जो तो आपापल्या जागी परत? ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी सविस्तर लिहा, कितीही लांब असलं तरी वाचेन.

समेवर

खुळखुळा देऊ नका. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

त्या मुलाला कळेल की नाही यावर चर्चा करत बसायची गरज नाही. त्याच्या आईला कळणार आहे. आणि गटातल्या ज्या ज्या माणसाला आपल्या आवाजाची खात्री नाही, त्याला त्या क्षणी एक गोष्ट पक्की समजणार आहे: इथे आपण कमी पडलो तर आपल्यालाही असंच हळूच बंद करतील. तुमच्या आजोबांनाही. मी बरीच वर्षं असे गट घेते आहे. माणसं गट सोडतात ती गाणं अवघड गेलं म्हणून क्वचितच. दुसऱ्या कुणाला कसं वागवलं गेलं ते बघून सोडतात.

आता गाण्याकडे येते. आपण बहुतेक जण गाणं आधी ठरवतो आणि मग माणसं त्यात बसवायला लागतो. असं केलं की कुणीतरी बाहेर उरतंच. मी क्रम उलटा ठेवते. जमलेली माणसं काय करू शकतात, काय करायला त्यांना आवडतं हे आधी बघायचं आणि त्यातून रचना बांधायची. तुमचा मुलगा लय वाढवत नेतो ना? मग लय वाढत जाणारंच काहीतरी बसवा आणि त्याला पुढे बसवा. सुरुवात त्याच्या ढोलाने, एकट्याच्या. मग टाळ्या, मग खंजिऱ्या, मग आवाज. सगळ्यांनी त्याच्या मागून जायचं. तो वाढवेल तसं वाढवायचं. तीन सुरांची साधी ओळ असली तरी पुरते, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष वेगाकडे असतं. आत्तापर्यंत त्याचा जो दोष म्हणून मोजला जात होता त्यावर आता सगळा गट चालतो, आणि हे त्याच्या आईला तुम्ही समजावून सांगायची गरज पडत नाही.

प्रश्न उरतो शेवटाचा, आणि तिथे मात्र नीट तयारी लागते. अनेक स्वमग्न मुलांना "थांब" हा हुकूम अवघड जातो, कारण तो अचानक येतो. शेवट येतोय हे आधीपासून दिसायला हवं. मी स्टँडवर जाड पुठ्ठ्याची पानं लावते. समजा चार आवर्तनं उरली आहेत, तर चार पानं. प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याला, एक पान उलटायचं. शेवटचं पान वेगळ्या रंगाचं. शिवाय त्याच्या समोर, बाजूला नाही, बरोब्बर समोर, दुसरा एक ढोलवाला बसवायचा. शेवटच्या समेला दोघांनी टिपरं डोक्यावर उचलायची आणि तशीच धरून ठेवायची. त्याच क्षणी कुणीतरी मोठी झांज एकदाच वाजवायची आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं. म्हणजे "थांब" ऐवजी त्याच्या हाताला आणि कानाला एकेक काम मिळतं: टिपरं वर, कान झांजेकडे. हे सवयीने येतं, पहिल्या दिवशी नाही. दर सरावाची सुरुवात आणि शेवट याच तुकड्याने करा, गाणी कोणतीही असोत.

आजोबांचं कडवं स्वतंत्र ठेवा. त्यात ढोल नकोच. खाली नुसता षड्ज-पंचम (सा आणि प) धरलेला आणि वर त्यांचा आवाज. प्रत्येकाने प्रत्येक गाण्यात असलंच पाहिजे हा आग्रह चांगल्या मनाने धरला जातो, पण त्याने सगळ्यांचीच पंचाईत होते. मी एवढंच पाहते की प्रत्येकाची निदान एक जागा अशी असावी जिथे तो नसेल तर तुकडा अडेल. कुणाची ती पहिला ठोका असेल, कुणाची शेवटची झांज, कुणाची मधली एक हाक. तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे ती जागा लिहून बघा. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो आत्ता गटात नुसता बसलेला आहे.

अशा रचना नव्या नाहीत. १९६९ साली इंग्लंडमध्ये कॉर्नेलियस कार्ड्यू आणि त्यांच्या दोन संगीतकार सहकाऱ्यांनी स्क्रॅच ऑर्केस्ट्रा सुरू केला होता, त्यात शिकलेले-न शिकलेले कुणीही येऊ शकत. कार्ड्यू यांच्या एका रचनेचा नियम मी सैल करून नेहमी वापरते. प्रत्येकाने एक सूर घ्यायचा आणि एका श्वासात जेवढा धरता येईल तेवढा धरायचा. श्वास संपला की आजूबाजूला ऐकायचं, जे सूर कानावर पडतायत त्यांतला एक उचलायचा आणि पुढच्या श्वासाला तो धरायचा. बस्स. सुरुवातीला पन्नास दिशांना पसरलेले आवाज काही मिनिटांत आपोआप थोड्याच सुरांवर गोळा होतात. कुणी कुणाला सुधारलेलं नसतं. ज्याचा श्वास आखूड त्याने आखूड घ्यायचा, त्याने काहीच बिघडत नाही. भाषा न येणाऱ्या कुटुंबांसाठी तर हा पहिल्या दिवसाचा प्रकार. शब्दच नसल्याने त्या दिवशी सगळे सारखेच नवखे असतात.

"मला सूर लागत नाही" म्हणणाऱ्यांबद्दलही थोडं लिहिते, कारण लोक सर्वात आधी गळतात ते इथे. ज्यांना मुळातच सुरांतला फरक जाणवत नाही अशी माणसं फार थोडी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास निघालं. बाकीच्यांची अडचण बहुतेकदा पट्टीची असते, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरलंय त्याची. गट घेणारी बाई काळी चारमध्ये, म्हणजे बायकांच्या पट्टीत, सुरू करते, पुरुषांना ते वर झेपत नाही आणि खाली उतरलं तर पाताळात जातं, मग ते मधेच कुठेतरी लटकतात आणि स्वतःला बेसूर म्हणवून घेतात. मिश्र गटात सहा सुरांच्या आत फिरणाऱ्या ओळी निवडा, किंवा पुरुषांच्या षड्जावर त्यांची ओळ आणि त्यांच्या मध्यमाला स्त्रियांचा षड्ज अशी आलटून पालटून बांधणी करा. झायलोफोन, म्हणजे सुट्या लाकडी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचं वाद्य, मिळत असेल तर मध्यम आणि निषादाच्या (म आणि नी) पट्ट्या काढून टाका. उरतात भूप रागाचे पाच सूर. त्यांत कुणी काहीही, केव्हाही वाजवलं तरी कानाला टोचत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या मुलांसाठीच्या वाद्यांमध्ये पट्ट्या काढता येतात त्या याच सोयीसाठी.

तुमच्या मोठ्या प्रश्नावर मी थोडंच लिहिते. पिअर्स, लाउने आणि डनबार या संशोधकांनी २०१५ साली प्रौढ शिक्षणाच्या नव्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्या गटांत जवळीक फार लवकर आली. पण सात महिन्यांनी पाहिलं तर बाकीच्या वर्गांतही तेवढीच आली होती. मला यातून उमगलं ते असं की गाणं अनोळखी माणसांमधला पहिला संकोच झटकन मोडतं, आणि पुढचं काम नियमित भेटण्याने होतं. म्हणून कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याची तीच वेळ, तीच जागा मला जास्त मोलाची वाटते. कार्यक्रम झाला की गट दोन महिने बंद, असं मात्र करू नका.

निषाद

मी विशेष शिक्षिका आहे. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. माझ्या कामातलं तेवढं भर घालते.

कॉक्लिअर इम्प्लांटवाल्या मुलीकडे जरा लक्ष द्या. या यंत्रातून लय चांगली पोहोचते; सुराचा चढ-उतार आणि वाद्यावाद्यांतला फरक मात्र बराच पुसट होतो. त्यामुळे अनेक आवाज एकदम सुरू झाले की तिच्यासाठी तो नुसता कल्ला असू शकतो. तिला ढोलाजवळ, लाकडी फरशी असेल तर त्या फरशीवर बसवा. हवा भरलेला फुगा हातात धरला की खालच्या आवाजांचा थरथराट तळव्याला सरळ लागतो, आमच्याकडे मुलं तो छातीशी धरून बसतात. तालवादक एव्हलिन ग्लेनी, ज्यांची श्रवणशक्ती लहानपणीच जवळजवळ गेली, त्या अनवाणी वाजवतात ते कंपनं पायातून घेता यावीत म्हणूनच. आणि तिला काय हवंय ते तिलाच विचारा, आईला नको. शाळकरी वयाच्या मुलीला आपलं उत्तर दुसऱ्याने दिलेलं आवडत नाही.

बोलणं गेलेल्या बाईंबद्दल. झटक्यानंतर वाचाघात झालेल्या (मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्या) पुष्कळ माणसांना वाक्य बोलता येत नाही, पण ओळखीच्या गाण्यातले शब्द सुरासकट स्वच्छ येतात. बोलण्यासाठी मेंदूचा मुख्यतः डावा भाग राबतो, गाण्यात उजव्याचाही मोठा वाटा असतो. यावरच आधारलेली उपचारपद्धत १९७३पासून वापरात आहे: छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची आणि त्याबरोबर डाव्या हाताने ताल द्यायचा. तो उपचार तज्ज्ञाचं काम, तुम्ही करू नका. पण त्यांच्या तरुणपणी त्यांनी ऐकलेलं एखादं गाणं कुटुंबाकडून समजून घ्या आणि सावकाश लयीत गा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी अख्खं कडवं म्हटलं तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच हातात धरला होता, कडवं संपेपर्यंत. मात्र गाता आलं म्हणजे आता बोलताही येईल, अशी आशा घरच्यांना लावू नका. ते क्रूर होतं.

आणि सभागृहाला लागून एक शांत खोली ठेवा, दार उघडं. तिथे जाणं ही शिक्षा नाही हे कळावं म्हणून गट घेणाऱ्याने स्वतःही अधूनमधून तिथे जाऊन बसावं. कानांवर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन सगळ्यांना दिसतील असे टेबलावर ठेवा. कुणालाही लागतात. तुमचे आजोबाही उचलतील बघा.

उलटा_ठेका

मला खर्ज यांच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, कारण तो पटकन मिटवण्यासारखा नाही. मी समाजकार्यात आहे, संगीतात नाही. संगीतावर माझा विश्वास आहे, म्हणूनच त्याच्याकडून काय मागतो आहोत ते तपासून घ्यावंसं वाटतं.

व्हेनेझुएलात १९७५ साली होसे अंतोनिओ आब्रेऊ यांनी 'एल सिस्तेमा' सुरू केलं. वंचित मुलांना वाद्यवृंदातून वर आणायचं, हे त्याचं जगभर गाजलेलं रूप. अनेक देशांनी ते उचललं. २०१४ साली ब्रिटिश संशोधक जेफ्री बेकर यांनी तिथे राहून केलेल्या अभ्यासातून कठोर टीका केली: वाद्यवृंदाची उतरंड, वरून येणारे हुकूम, मुलांना बोलायला जागा कमी. पुढे एका मोठ्या चाचणीत सोडत काढून काही मुलांना आधी आणि काहींना नंतर प्रवेश देऊन फरक मोजला गेला, सहा ते चौदा वयोगटातली सुमारे २,९०० मुलं. आत्मसंयमासारख्या बाबींत थोडा फायदा दिसला. पण त्याच अभ्यासातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. कार्यक्रमात आलेल्या मुलांमध्ये गरिबीचं प्रमाण सुमारे १७ टक्के होतं, आणि ती मुलं ज्या राज्यांत राहत तिथे ते ४७ टक्क्यांच्या घरात. म्हणजे दार उघडं होतं, फी नव्हती, तरी गरीब मुलं त्या मानाने फारच कमी आत आली.

म्हणून माझा आग्रह असा की गटात आलेल्यांशी आपण कसं वागतो याच्याइतकाच विचार न आलेल्यांचा व्हावा. वेळ कुणाच्या सोयीची आहे? संध्याकाळच्या पाळीत काम करणाऱ्याला ती कधीच जमणार नाही. लहान मूल सोबत आणलं तर चालतं का, हे कुठे लिहिलंय? शेवटची बस केव्हाची? पत्रक कोणत्या भाषेत छापलंय? स्थलांतरित कुटुंबं आहेत म्हणता, तर आजवर त्यांच्या भाषेतली किती गाणी सगळ्या गटाने शिकली? फक्त त्यांनी तुमची शिकायची आणि वर्षातून एकदा त्यांच्या पोशाखासकट त्यांना मंचावर उभं करायचं, ह्याला मी सामावणं म्हणणार नाही. त्यांचं गाणं त्यांनी शिकवायचं, उच्चार त्यांनी दुरुस्त करायचे, आणि त्या दिवशी चुकत-माकत शिकणारे बाकीचे सगळे. ज्या बाईला दुकानात, कचेरीत रोज कुणीतरी दुरुस्त करतं, ती अर्धा तास पन्नास जणांना दुरुस्त करते. हे मी पाहिलंय. त्यानंतर ती बैठकीत वेगळ्या जागी बसली, पुढे.

आणि सभागृहाची किल्ली कुणाकडे असते? गाणी कोण निवडतं? हे दोन प्रश्न वर्षभराने पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर गट अजून तुमचाच आहे, त्यांचा झालेला नाही.

समेवर

उलटा_ठेका, किल्लीचा प्रश्न फार मोलाचा. एकच जोडते. संगीताने दारिद्र्य जावं, भांडणं मिटावीत असं ओझं गटावर टाकलं की गट मोडतो. संगीतकार डॅनियल बॅरेनबोइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९९९ साली इस्रायली आणि अरब तरुणांचा वाद्यवृंद उभा केला. यातून शांतता येईल असा दावा बॅरेनबोइम यांनी केला नाही. एकमेकांबद्दलचं अज्ञान कमी करायचं, एवढंच ते सांगत आले. ज्याच्याबरोबर एकच स्टँड वाटून घ्यायचा, त्याच्या व्हायोलिनचा गज कुठल्या बाजूला जातोय ते पाहावंच लागतं. मला एवढी मर्यादा ठेवून काम करणं जमतं. कामाच्या तासांविषयी, घरांविषयी लढायचं असेल तर ते लढूच, पण त्या बैठकीचं काम गाण्याच्या सरावावर टाकू नका.

खर्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्याच्या सरावात पुठ्ठ्याची पानं लावली, समोर दुसरा ढोल ठेवला. तो समोरचा ढोल वाजवायला मी आजोबांनाच विचारलं. ते आधी नको नको म्हणत होते, मग बसले.

सुरुवातीला पानांकडे त्याने बघितलंच नाही, त्याला आजोबांचे हात बघायचे होते. आम्ही त्याच्या मागून लय वाढवत गेलो. शेवटी शेवटी इतका वेग आला की माझ्या तोंडातून शब्द निघेनात, नुसता 'आ'. रंगीत पान उलटलं, आजोबांनी टिपरं वर नेली. तो आणखी पाच-सहा ठोके वाजवत राहिला. मग त्याने त्यांची वर गेलेली टिपरं पाहिली आणि आपलीही वर नेली. झांज वाजली. तो झांजेकडे वळून बघत राहिला. परत एकदा केलं तेव्हा जास्तीचे ठोके दोनच. आजोबा मला म्हणाले, "पोरगं दमवतं, पण हात सच्चा आहे." खुळखुळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

श्वासाचा प्रकारही केला. कॉक्लिअरवाल्या मुलीला तो आवडला नाही, तिने स्पष्ट सांगितलं, फार गोंधळ होतो. ती म्हणाली, मी पानं उलटेन. आता ते काम तिचं.

स्थलांतरित कुटुंबांतल्या एका आजींना त्यांचं गाणं शिकवाल का असं विचारलंय. त्यांनी नातवाकडून निरोप पाठवला की शिकवेन, पण सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, खुर्च्यांवर नाही. व्हीलचेअरवाले काका म्हणाले, माझं काय? आजींनी पुन्हा निरोप पाठवला की त्यांनी माझ्या शेजारी.

आता कार्यक्रमाबद्दल एवढं सांगा: मंचाला तीन पायऱ्या आहेत, उतार नाही. आणि निवेदनात काय बोलायचं ते मला ठरवता येत नाहीये. लोकांना आधी सांगून ठेवावं का, की गटात कोण कोण आहे, म्हणजे ते समजून घेतील?

समेवर

मंच सोडून द्या. सगळ्यांनी खाली, जमिनीच्या पातळीवर, अर्धगोलात. प्रेक्षकांच्या खुर्च्या त्याभोवती. काकांना चार जणांनी उचलून वर ठेवायचा प्रकार अजिबात नको, त्यांनी स्वतः होकार दिला तरी नको. तो होकार बहुतेक वेळा दुसऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून दिलेला असतो.

निवेदनात कुणाचंही निदान सांगू नका. तुम्ही "याला अमुक आहे" म्हणालात की लोक पुढची पंधरा मिनिटं तेच शोधत बसतात आणि टाळ्या दयेने वाजवतात. पत्रकावर सगळ्यांची नावं सारख्या अक्षरांत, प्रत्येकापुढे तो काय करतो: ढोल, झांज, गायन, पानं. गाण्याआधी फक्त एवढं सांगा की या तुकड्याची लय ढोलावर अवलंबून आहे आणि ती प्रत्येक वेळी वेगळी असते. ते खरंही आहे, आणि लोक कान देऊन ऐकतात.

जास्तीचे ठोके त्या दिवशीही पडतील. झांजवाल्याला आधीच सांगून ठेवा: टिपरं दोघांची वर गेल्याशिवाय झांज वाजवायची नाही. मग दोन ठोके जास्त पडोत की दहा, शेवट तिथेच. आणि पुढच्या आठवड्याचा सराव नेहमीच्या वेळेला आहे हे पत्रकाच्या तळाशी छापायला विसरू नका, दिवस, वेळ आणि "कुणीही या" एवढं तरी स्थलांतरित कुटुंबांच्या भाषेतही.